गादी कुणाची, हे ठरवणार कोण?

१८१८ चा, म्हणजे मराठी राज्य बुडाल्याचा, विषय निघाला की आपल्याकडे पाच मिनिटांत आरोपींची यादी तयार होते. आनंदीबाईने ध चा मा केला, राघोबा इंग्रजांच्या गळाला लागला, दुसरा बाजीराव पळपुटा, दौलतराव शिंदे पोरकट, आणि इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूचं तर नावच काढू नका. यादी वाचून झाली की सगळ्यांना बरं वाटतं, कारण चार माणसं वाईट निघाली म्हणून राज्य गेलं, ती चांगली निघाली असती तर राहिलं असतं, संपला विषय. मला हे कधीच पटलेलं नाही. वाईट माणसं काय इंग्रजांत नव्हती? क्लाइव्ह काय संत होता? आणि एकाच पिढीत, पुण्यात, बडोद्यात, इंदुरात, नागपुरात सगळीकडे एकदम वाईटच माणसं जन्माला आली असं मानायचं असेल तर मग तो इतिहास नाही, ती पत्रिका झाली.

माझं म्हणणं असं आहे की वारसाचे नियम आपल्याकडे भरपूर होते. थोरला मुलगा, औरस-अनौरस, दत्तक कुणाला घेता येतो, विधवेला घेता येतो का, यावर शास्त्राची पानंच्या पानं होती आणि ती पाठ असलेले शास्त्रीही होते. नव्हती ती एक जागा, जिथे दोन दावेदारांचा तंटा नेता येईल आणि जिचा निकाल हरलेल्यालाही मुकाट मानावा लागेल. अशी जागा कधीकाळी साताऱ्याला, छत्रपतींकडे, होती, ती आपणच कुलूप लावून बंद केली, आणि मग ईस्ट इंडिया कंपनीने तेच दुकान समोर उघडलं तर गिऱ्हाईकं तिकडे गेली याचं आश्चर्य कशाला?

सातारचं आधी बघू, कारण मुळातला घोळ तिथला आहे. १५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले, मुलगा नाही. ताराबाईंनी सांगितलं होतं की माझा नातू आहे, लपवून वाढवलाय, तोच रामराजा. त्याला गादीवर बसवलं. वर्षभर जातं न जातं तोच ताराबाईंनी त्याच रामराजाला सातारच्या किल्ल्यात अडकवलं, आणि पुढे जेजुरीला खंडोबासमोर शपथ घेऊन सांगितलं की हा माझा नातूच नाही. आता विचार करा, खऱ्या छत्रपतीचा प्रश्न आहे, आजी म्हणतेय हा तोतया आहे, आणि नानासाहेब पेशवे काय करतात? काहीच नाही. रामराजा तसाच राहू दिला, कैदेत. खरा असो खोटा असो, कैदेतला छत्रपती पेशव्यांना सोयीचाच होता. मला ताराबाईंबद्दल प्रचंड आदर आहे, औरंगजेबाशी सात वर्षं झुंजलेली बाई आहे ती, पण या एका प्रकरणात तिने आणि नानासाहेबांनी मिळून छत्रपती या पदाचं जे करून ठेवलं ते पुढे कुणालाच निस्तरता आलं नाही.

कारण पेशव्याला नेमणुकीची वस्त्रं द्यायची ती साताऱ्यानेच. नियम कागदावर चालूच राहिला. पण ज्याला तुम्ही किल्ल्यात ठेवलंय तो तुम्हाला नाही म्हणणार कसा? ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी, म्हणजे पगारी पहारेकऱ्यांनी, अठरा वर्षांच्या नारायणरावाला कापलं, काकांच्या कमरेला मिठी मारून बसलेल्या पोराला. महिना-दोन महिन्यांत राघोबाला साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रं मिळाली सुद्धा. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, मुलगा झाला आणि तो चाळीस दिवसांचा असताना त्यालाही साताऱ्याहून वस्त्रं आली. तीच गादी, तोच शिक्का, आधी खुनाचा आरोप असलेल्याला आणि मग ज्याचा खून झाला त्याच्या तान्ह्या मुलाला. साताऱ्याने कुणाची चौकशी केली नाही की कुणाला जाब विचारला नाही, आणि विचारणार तरी कशाच्या जोरावर?

चौकशी केली ती रामशास्त्र्यांनी. ती गोष्ट आपण शाळेत छाती फुगवून ऐकतो, देहान्त प्रायश्चित्त वगैरे, आणि ते माणूस म्हणून मोठेच होते, प्रश्नच नाही. पण गोष्टीचा शेवट काय आहे ते कुणी लक्षात घेत नाही. न्यायाधीशाने पेशव्याला दोषी धरलं आणि मग न्यायाधीश पुणं सोडून निघून गेला. दोषी तिथेच गादीवर. निकाल लागला पण तो बजावणारं कोणीच नाही, म्हणजे न्यायाधीशाच्या हातात शेवटी काय उरलं तर स्वतःचा राजीनामा. आपण त्या राजीनाम्याचं कौतुक करतो आणि यंत्रणा किती पोकळ होती हे विसरतो.

आता राघोबा. बारभाईंनी, म्हणजे नाना फडणवीस, सखाराम बापू वगैरे कारभाऱ्यांच्या गटाने, हुसकावल्यावर तो फिरला, लढला, सैन्य पांगलं, आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्याने इंग्रजांशी तह केला. अडीच हजार फौज, तिचा खर्च महिन्याला दीड लाख रुपये राघोबाने द्यायचा, वर साष्टी आणि वसई. इंग्रजांना साष्टी इतकी हवी होती की तह व्हायच्या आधीच, १७७४ च्या डिसेंबरअखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला घेऊन टाकला होता. हा देशद्रोह होता का? हो, आजच्या भाषेत होताच, मी त्याची वकिली करत नाहीये, पुतण्याच्या खुनाचा डाग घेऊन परक्या फौजेच्या जोरावर गादी मागणं याला दुसरं काय म्हणायचं. पण स्वतःला त्याच्या जागी ठेवून एक प्रश्न विचारा की आपला दावा खरा आहे असं वाटणाऱ्या माणसाने त्या वेळी जायचं कुठे होतं? साताऱ्याला गेला तर तिथे कैदी बसलाय. पुण्याला गेला तर विरोधी पक्षच न्यायाधीश. निजामाकडे, हैदराकडे गेला तर तेही परकेच की. मुंबईच्या इंग्रजांकडे निदान कवायती फौज होती, तोफा होत्या, आणि करारपत्र लिहून द्यायची पद्धत होती.

आणि इथे एक गोष्ट आपल्याला आवडणार नाही पण बोलायलाच हवी. गादीची मान्यता विकायचा धंदा इंग्रजांनी सुरू केलेला नाही, तो पुण्यानेच चालवला होता. १७६८ मध्ये बडोद्याचे दमाजीराव गायकवाड वारले. थोरला सयाजीराव, पण तो मनाने कमजोर, आणि धाकटा गोविंदराव थोरल्या बायकोचा. म्हणजे वय एकाचं मोठं आणि आई दुसऱ्याची मोठी, शास्त्र्यांना दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा मामला. गोविंदराव तेव्हा पुण्यातच अडकलेला होता, त्याच्याकडून भरभक्कम नजराणा कबूल करून घेऊन त्याला सेनाखासखेल, म्हणजे गायकवाडांच्या गादीचा धनी, केलं. तीन वर्षांनी, १७७१ मध्ये, त्यांचाच भाऊ फत्तेसिंग पुण्याला येऊन बोलणी करून गेला आणि निकाल फिरवून गादी सयाजीरावाला, कारभार फत्तेसिंगाला. हे थोरल्या माधवरावांच्या काळात झालं हे ध्यानात घ्या, ज्यांना आपण पेशव्यांतले सगळ्यात न्यायी समजतो आणि ते होतेही. म्हणजे प्रश्न माणसाच्या दर्जाचा नव्हताच. गायकवाड घर फुटलेलं राहिलं तर पुण्याला बरं, हा सरळ हिशेब होता. आंग्र्यांच्या बाबतीत तोच हिशेब १७३५ मध्ये झाला, मानाजीला कुलाबा, संभाजीला विजयदुर्ग, आणि १७५६ मध्ये तुळाजीला बुडवायला तर आपण इंग्रजांची जहाजंच मदतीला बोलावली. घर फोडून पंच व्हायचं ही विद्या इंग्रज विलायतेहून शिकून आले असं समजू नका, त्यांना समोरच क्लास चालू दिसत होता.

बडोद्याचं पुढचं प्रकरण तर इतकं बोलकं आहे की त्यावर जरा थांबतोच. १८०० मध्ये तोच गोविंदराव वारला. आनंदराव वारस, पण त्याला कारभार झेपण्यासारखा नव्हता. सावत्र भाऊ कान्होजीने सत्ता बळकावली, दिवाण रावजी आप्पाजीने त्याला बाजूला केलं, गायकवाडांच्याच घरातला कडीचा मल्हारराव फौज घेऊन उठला, आणि दोन्ही पक्षांनी मुंबईकर इंग्रजांकडे माणसं पाठवली. दोन्ही! १८०२ मध्ये मेजर वॉकर फौजेसकट बडोद्यात आला. आता बडोद्यात एक पद्धत होती, बहांदरी. दरबाराला सावकाराकडून कर्ज घ्यायचं असलं किंवा कुणाला काही वचन द्यायचं असलं तर दरबाराच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नसे, मध्ये अरब शिबंदीचा जमादार हमी राहायचा. राजा फिरला तर अरब वसूल करणार. म्हणजे राजाच्या शब्दापेक्षा त्याच्याच पगारी शिपायाचा शब्द भारी! वॉकरने काय केलं, अरबांचे थकलेले पगार चुकते करायची व्यवस्था लावली, त्यांना बाहेर काढलं, आणि बहांदरी कंपनीच्या नावावर घेतली. सावकार खूश, कारण कंपनी अरबांपेक्षा भरवशाची. सरदार खूश, कारण आता राजा आपला गळा कापणार नाही याची हमी मिळाली. मोठी लढाई पुण्यासारखी झालीच नाही, आणि तरी १८०२ नंतर बडोद्यात इंग्रजांना विचारल्याशिवाय पान हललं नाही. हे गद्दारीने समजावून सांगता येईल का? मला तरी येत नाही.

पुण्यात १७९५ मध्ये जे झालं ते तर विनोदीच म्हणावं लागेल, परिणाम भयंकर नसते तर. सवाई माधवराव ऑक्टोबरमध्ये शनिवारवाड्यातून पडून गेले, वय एकवीस, मूल नाही. सगळ्यात जवळचा वारस कोण तर राघोबाचा मुलगा बाजीराव, तो शिवनेरीवर कैदेत. नाना फडणवीसांना तो नको. मग तोडगा काढला की बाजीरावाचा धाकटा भाऊ चिमाजी आप्पा याला सवाई माधवरावांच्या विधवेच्या, यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यायचा. नातं काढून बघा, चिमाजी आप्पा हा सवाई माधवरावांचा चुलत काका लागतो. म्हणजे काका पुतण्याचा मुलगा झाला! मे १७९६ मध्ये वस्त्रंही मिळाली. मग सहा-सात महिन्यांत परत समीकरणं बदलली, ते दत्तकविधान रद्द ठरवलं आणि डिसेंबरात बाजीराव पेशवा. चौदा महिने पुण्याची गादी लिलावाला काढल्यासारखी. आणि लिलावात बोली लागली होती, दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केले होते, ते खजिन्यात नव्हते, म्हणून १७९८ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सावकारांना, कारभाऱ्यांना धरून, मारझोड करून ते वसूल केले. वारसाचा तंटा वाड्यात होतो आणि बिल पेठेत फाटतं, हे तेव्हा पुणेकरांना जितकं कळलं असेल तितकं कुणाला नाही.

त्याच सुमाराला होळकरांकडे तुकोजी वारले, १७९७. मुलगे चार, काशीराव थोरला, मल्हारराव कर्तबगार, दौलतराव शिंद्यांनी मध्ये पडून मल्हाररावाला पुण्यातच मारवलं, विठोजीला पुढे १८०१ मध्ये बाजीरावाने हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव उरला, अनौरस म्हणून त्याचा हक्क कुणी धरत नव्हतं, आणि सगळ्यांत लायक तोच. त्याची उमेदीची वर्षं शिंद्यांशी लढण्यात गेली, आणि बरोबर त्याच वर्षांत, १७९९ ला, टिपूचं श्रीरंगपट्टण इंग्रजांच्या हाती पडलं. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला त्याने शिंदे-पेशव्यांचा फडशा पाडला, बाजीराव पळाला, आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह, सहा हजार तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने आपल्याच राज्यात ठेवायची इंग्रजी फौज, आणि तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख. बापाने सुरतेला जे मागितलं तेच मुलाने वसईला मागितलं, फक्त आता भाव वाढला होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. मुघलांकडे तरी कुठे नियम होता? तख्त नाहीतर तख्ता, भाऊ भावाला मारून बादशहा व्हायचा, तरी त्यांचं राज्य दीडशे वर्षं दिमाखात चाललंच की. उलट लढाईतून तगडा माणूस वर यायचा. खरं आहे. पण शहाजहानची मुलं एकमेकांशी लढत होती तेव्हा दाराला किंवा शुजाला फौज, तोफा आणि उधार पैसा पुरवून नंतर तख्ताशेजारी कायमचा रेसिडेंट, म्हणजे आपला वकील, बसवणारा तिसरा कोणी दारात उभा नव्हता. अठराव्या शतकात तो उभा होता. मीर जाफर, मीर कासीम, पुन्हा मीर जाफर, बंगालची गादी आठ-नऊ वर्षांत किती वेळा फिरली आणि प्रत्येक वेळी कलकत्त्याच्या कौन्सिलने पैसे घेतले. लखनौला १७९७ मध्ये वजीर अली नवाब झाला, चार महिन्यांत गव्हर्नर जनरल शोअरने त्याला उतरवून सआदत अलीला बसवलं आणि सालाना ७६ लाख लिहून घेतले.

आणि तंजावर, आपलंच, भोसल्यांचं. १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी मरायच्या आधी सरफोजीला दत्तक घेतलं. सावत्र भाऊ अमरसिंग म्हणाला दत्तक खोटं. मद्रासच्या कंपनी सरकारने पंडित बसवले, पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरवलं, अमरसिंग राजा. मग काही वर्षांनी श्वार्ट्झ पाद्रीने सरफोजीची बाजू लावून धरली, पुन्हा पंडितांना विचारलं, आता दत्तक सशास्त्र निघालं. १७९८ मध्ये सरफोजी राजा आणि १७९९ मध्ये तहावर सही, कारभार कंपनीकडे, राजाकडे किल्ला, पेन्शन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. सरफोजीने सरस्वती महालातल्या ग्रंथांचं जे सोनं केलं त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत, पण मुद्दा तो नाही. शास्त्र तेच, मुलगा तोच, निकाल दोन. शास्त्राचा अर्थ लावणाऱ्याला कोण नेमतो यावर सगळं ठरत होतं.

इंग्रज शहाणे आणि आपण मूर्ख असंही मला म्हणायचं नाही, त्यांच्याकडेही राघोबा होता. १७०१ मध्ये त्यांच्या पार्लमेंटने कायदा करून ठरवलं की गादी प्रॉटेस्टंटालाच, आणि रक्ताने जवळच्या पन्नासाहून जास्त कॅथलिकांना ओलांडून १७१४ मध्ये जर्मनीतून जॉर्ज आणला, ज्याला इंग्रजी धड येत नव्हतं. हटवलेल्या स्टुअर्ट घराण्याचा चार्ल्स १७४५ मध्ये फ्रेंचांच्या आशेवर स्कॉटलंडात उतरला, पार डर्बीपर्यंत आला. म्हणजे परक्याच्या भरवशावर हक्क मागणारा दावेदार, हुबेहूब. पण पार्लमेंट फुटलं नाही, लंडनचे सावकार फुटले नाहीत, पुढच्या वर्षी कलोडनला तो विषय कायमचा संपला. आणि कंपनीला तर राजाच नव्हता. हेस्टिंग्ज गेला कॉर्नवॉलिस आला, वेलस्लीला १८०५ मध्ये परत बोलावला तर कलकत्त्यात कोणी तलवार उपसली नाही. आपल्याकडे महादजी शिंदे १७९४ मध्ये गेले आणि चार-एक वर्षांत अख्ख्या शिंदेशाहीत बायांच्या, म्हणजे महादजींच्या विधवांच्या, बंडापर्यंत मजल गेली.

आपल्याला हे जमलंच नसतं असंही नाही. बारभाई हे त्याचं उदाहरण आहे, आणि त्यांना आपण कारस्थान म्हणतो हा मोठा अन्याय आहे. सखाराम बापू, नाना, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे, भिन्न स्वभावाची, एकमेकांवर पुरता विश्वास नसलेली माणसं एका न जन्मलेल्या मुलाच्या नावावर एकत्र राहिली. हातात तलवार असलेल्या दावेदारापेक्षा पाळण्यातला वारस श्रेष्ठ, हे त्यांनी ठरवलं आणि राबवलं. त्याच जोरावर १७७९ ला वडगावला इंग्रजांना गुडघ्यावर आणलं, आणि १७८२ च्या सालबाईत राघोबाला महिना पंचवीस हजारांवर कोपरगावला गप्प बसायला लागलं, साष्टी मात्र गेली ती गेलीच. पण ही बैठक लिहून ठेवली गेली नाही, तिचा अधिकार काय, तिच्यात कोण बसणार, नाना नसताना काय, काहीच नाही. सखाराम बापू स्वतःच नंतर कैदेत मेला. हळूहळू बारभाईचा एकभाई झाला. (आजचे पक्ष फुटले की काका-पुतणे चिन्हासाठी आयोगाकडे आणि कोर्टात धावतात, त्याला आपण हसतो, पण निदान धावायला जागा आहे आणि कोणी गारदी बोलावत नाही.)

नागपूर लवकर आटोपतो. दुसऱ्या रघुजींनी मरेपर्यंत तैनाती फौज घेतली नाही. मार्च १८१६ मध्ये ते गेले, मुलगा परसोजी आंधळा आणि आजारी, पुतण्या आप्पासाहेबाला कारभार हवा होता पण दरबारात विरोध, म्हणून दोन महिन्यांत त्याने तैनाती तहावर सही केली. रघुजी जे आयुष्यभर टाळत आले ते वारसाच्या तंट्यात साठ-पासष्ट दिवसांत झालं. पुढे तोच आप्पासाहेब सीताबर्डीला इंग्रजांशी लढला, पण उशीर झाला होता.

१८१८ नंतर पंच एकच उरला, आणि आता त्याला दोन दावेदारांची गरजही उरली नाही. १८४८ मध्ये सातारचे शहाजी राजे मृत्युशय्येवर दत्तक घेऊन गेले. तिथला रेसिडेंट फ्रियर स्वतः म्हणत होता की दत्तक मान्य करा. गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला वारसच नाही, संस्थान खालसा. त्याच साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते १८४० च्या सुमारास लंडनला गेले होते ते १८५३ पर्यंत तिथेच, कंपनीच्या भागधारकांच्या सभांमध्ये अर्ज, भाषणं, छापील पत्रकं. मधल्या काळात ज्यांच्यासाठी गेले ते महाराज काशीला वारले, राज्य खालसा झालं, तरी हा माणूस हटेना. ज्या गादीने पेशव्यांना वस्त्रं द्यायची तिचा वकील तेरा वर्षं शेअरहोल्डरांसमोर उभा. १८५४ मध्ये नागपूर गेलं, भोसल्यांचे हत्ती-घोडे सीताबर्डीला आणि दागिने कलकत्त्याला लिलावात निघाले. झाशीचं तर सगळ्यांना पाठ आहे.

गंमत म्हणजे १८५७ चा फटका बसल्यावर त्याच इंग्रजांनी १८६२ मध्ये संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या, लेखी, नावानिशी, की तुमचा दत्तक आम्ही मानू. म्हणजे शंभर वर्षं जे मिळत नव्हतं ते मिळालं, लढायला काही उरलं नव्हतं तेव्हा. आणि चाललं सुद्धा. १८७५ मध्ये बडोद्याच्या मल्हाररावांना उतरवल्यावर आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून गायकवाडांच्या एका शेतकरी शाखेतली तीन भावंडं बोलावून घेतली, मधल्या बारा वर्षांच्या गोपाळला निवडलं, रेसिडेंटची मान्यता होती, कुणी फौज जमवली नाही, आणि त्या पोराचे सयाजीराव महाराज झाले. ज्या बडोद्यात १७६८ ला आणि पुन्हा १८०० ला गादीवरून इतका घोळ झाला होता तिथे.